उदगीरला थांबणारी गाडी

उजाडायला अजून वेळ आहे, पण सचखंड गुरुद्वाऱ्यासमोरच्या रस्त्यावर हाळ्या सुरू झाल्यात. “बिदर, बिदर, नानक झीरा! दो सीट, दो सीट!” “लोकल दर्शन, सारे घाट, बारा बजे तक वापस!” अंगावर शाल हवीच अशी थंडी आहे. चहाच्या गाड्याभोवती पगड्या, कानटोप्या आणि मफलर यांची दाटी झालीय. क्रूझर, तवेरा, टेम्पो ट्रॅव्हलर रस्त्याकडेला तिरक्या लावल्यात आणि त्यांच्या काचांवर गुरुमुखीत, देवनागरीत गावांची नावं चिकटवलीत.

गुरू गोविंदसिंहांचं प्रकाशपर्व जवळ आलंय, त्यामुळे नांदेडात पंजाब, हरियाणा, दिल्लीची माणसं रोजच्याहून जास्त दिसतायत. अमृतसरहून येणारी सचखंड एक्सप्रेस त्यांना इथं आणून सोडते. वाटेतल्या स्टेशनांवर लंगरचं जेवण घेत ही मंडळी जवळपास दोन हजार किलोमीटर येतात, ती या एका जागेसाठी. १७०८ साली गुरूंनी इथं देह ठेवला आणि ग्रंथसाहिबाला गुरुपद दिलं. शिखांच्या पाच तख्तांपैकी हे एक. आज दिसते ती वास्तू महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधून घेतली. दर्शन एका सकाळीत होतं, संध्याकाळी आरतीनंतर गुरूंची शस्त्रं दाखवतात तीही बघून होतात. परतीचं तिकीट मात्र दोन-तीन दिवसांनंतरचं असतं. मधल्या दिवसांचं काय करायचं, या प्रश्नावर हा सगळा रस्ता जगतो.

माझी भाची पुण्याहून आलीय. ऑफिसच्या कामानं ती ऑक्टोबरात माद्रिदला जाऊन आली, आणि आता तिला आत्याच्या गावातून एक दिवसाची सहल करायचीय. “आत्या, तू थांब जरा, मी विचारते,” म्हणत ती पहिल्या गाडीपाशी जाते.

ड्रायव्हर तरुण आहे. त्याच्या हातात प्लास्टिक चढवलेलं कार्ड, त्यावर गुरुद्वाऱ्यांचे छोटे छोटे फोटो. “चौदा पॉइंट, ताई. बाकीचे दहाच दाखवतेत.”

“माळटेकडीला किती वेळ थांबता?”

“दहा मिनिटं.”

“आणि बंदा घाटला?”

“दहाच. सगळीकडं दहा.”

“तिथली गोष्ट कोण सांगतं?”

“बोर्डावर लिहिलेलं हाय की सगळं.”

पोरगा खोटं बोलत नाही, बोर्ड खरंच आहेत. आणि दुपारपर्यंत चौदा ठिकाणं करायची म्हटल्यावर दहा मिनिटांहून जास्त वेळ तो आणणार कुठून? पण मला या गावात राहून कळलंय की त्या दहा मिनिटांत चपला काढून, माथा टेकून, प्रसाद घेऊन माणूस परत गाडीत बसतो आणि संध्याकाळी त्याला सगळे घुमट सारखेच आठवतात. नगीना घाटावर भेट आलेलं रत्न गुरूंनी गोदावरीत टाकलं, हीरा घाटावर बादशहा बहादूरशहानं दिलेला हिरा. हे दोन घाट एकमेकांत मिसळून जातात. माळटेकडीचा खजिना उघडून संगत साहिबला सैनिकांचे पगार ढालीनं मापून वाटले, ही गोष्ट ज्यांना एका जागी बसून कुणी सांगितली, त्यांच्या डोळ्यांसमोर ती ढाल राहते. बाकीच्यांच्या मोबाइलमध्ये फोटो राहतो.

भाची मला माद्रिदचं सांगते. तिथंही हेच. चौकाचौकात सहलीवाले उभे. एकाच दिवसात तोलेदो आणि सेगोव्हिया दोन्ही गावं उरकणारी बस होती. सेगोव्हियाला रोमनांनी बांधलेला दगडी जलसेतू बघायचा, तिथून लगेच तोलेदोकडे. तिनं एकटं तोलेदो घेतलं. चालत हिंडवणारी एक बाई होती, तीन तास गल्ल्यांतून फिरवलं, आणि एका उतारावर उभं राहून मशीद, सिनेगॉग, चर्च हे एकाच गावात कसं नांदलं आणि कसं मोडलं ते सांगितलं. “दुसऱ्या गावाची चुटपुट लागली नाही?” मी विचारते. “लागली ना,” ती म्हणते, “पण तोलेदो मला पाठ आहे.”

तिची पद्धत मला आवडते. ती किती ठिकाणं असं विचारतच नाही. कुठं किती थांबणार आणि बोलणार कोण, एवढंच विचारते. भाडं सगळ्यात शेवटी.

बीदरच्या गाड्यांशी मात्र मी बोलते, कारण मला काय हवंय ते मला माहीत आहे. नांदेडहून बीदरला जाणारा रस्ता कंधारच्या बाजूनं लातूर जिल्ह्यात शिरतो आणि जळकोट, उदगीर करत कर्नाटकात उतरतो. रोज यात्रेकरूंच्या गाड्या उदगीरवरून जातात आणि किल्ल्याकडे न वळता पुढं निघून जातात. मी विचारते, “उदगीरला अर्धा तास थांबाल का?”

“तिथं कामून? किल्ला बिदरला बी हाय.”

दुसरा म्हणतो, “टाइम जातो, ताई. लंगर चुकला तर पब्लिक माझ्यावर बोलतंय.”

तिसऱ्या गाडीचा ड्रायव्हर साठीकडे झुकलेला, डोक्याला गमजा बांधलेला. तो थोडा वेळ माझ्याकडे बघतो. “थांबूत की. माझी सासुरवाडी जळकोटची हाय. पण सगळ्या सीटा हो म्हणल्या पाहिजेत. एकट्याच्या मर्जीनं शेअरिंगची गाडी वळत नाही.”

सीटा अशा: कर्नालहून आलेलं एक शेतकरी कुटुंब, म्हणजे चाळिशीतला मुलगा, त्याची बायको, सहा-सात वर्षांचं लेकरू आणि त्याची आई, जिला सगळे बीजी म्हणतायत. दुसरं जोडपं लातूरचं. निवृत्त शिक्षक आणि काकू, नांदेडला लेकीकडे आले होते. बीदर बघून संध्याकाळी उदगीरलाच उतरायचं आणि तिथून लातूरची एसटी धरायची, असा त्यांचा बेत. उदगीरचं नाव निघताच गुरुजींचा चेहरा खुलतो. कर्नालवाला विचारतो, “उदगीर में क्या है जी?” गुरुजी शाळेत वापरायचे त्याच आवाजात सांगतात, “इतिहास है. आधा घंटा दीजिए, बस.” निर्णय बीजींचा. त्या शाल सारखी करत म्हणतात की आधी नानक झीरा, बाकी सगळं नंतर. ड्रायव्हर मध्ये पडतो: जाताना ऊन कमी असतं, किल्ला तेव्हाच, आणि लंगरच्या वेळेला गाडी झीऱ्यावर उभी, हा त्याचा शब्द. बीजी मान हलवतात. गाडी सुटते.

शहराबाहेर पडल्यावर धुकं शेतात बसलेलं दिसतं. तुरी काढायला आल्यात, कुठं काढून झाल्यात आणि पेंढ्या बांधावर उभ्या आहेत. हरभरा घाट्यावर आलाय. गुरुजी आणि कर्नालवाला यांच्यात पिकांवरून बोलणं सुरू होतं. तिकडं गहू आणि धान, पाणी भरपूर पण खाली खाली चाललेलं. इकडं पाणी नाहीच. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं, हे गुरुजी सांगतात तेव्हा कर्नालवाला ते आईला पंजाबीत समजावून सांगतो. बीजी हात जोडतात.

कंधारच्या अलीकडे कर्नालवाला एकदम ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवतो. “रोको, रोको पाजी.” रस्त्याकडेच्या शेतात तांबड्या रंगाची बैलजोडी उभी आहे, लाल कंधारी. या गावाचं नाव मिळालेलं हे वाण, अंगानं गडद तांबडं, नजर शांत. तो कुंपण ओलांडून शेतकऱ्याकडे जातो, वशिंडावर हात फिरवतो, दात बघायची परवानगी मागतो. शेतकऱ्याला हिंदी जेमतेम येतं, पण बैलाच्या बाबतीत दोघांचं काही अडत नाही. किती नांगरतो, काय खातो, पायाला कसा आहे. पुढं देवणी लागेल, तिथलं वाण वेगळं, पांढऱ्यावर काळं, असं शेतकरी सांगतो आणि वाणेरा, बालंक्या, शेवरा ही त्यातली तीन रूपं बोटांवर मोजतो. काळं तोंड तो वाणेरा. लेकरू बापाच्या खांद्यावर बसून बैलाच्या शिंगाला हात लावतं.

हा थांबा कुणाच्या कार्डावर नाही. मला वाटतं, कर्नालच्या त्या माणसाला मराठवाडा आज पहिल्यांदा इथं भेटला.

कंधारचा किल्ला आज होणार नाही. गावाकडे वळायचं म्हणजे तास-दीड तास जाणार. मनाला लागतं, पण ओझरतं बघण्याची ती जागाही नाही. राष्ट्रकूटांचं हे गाव. तिसरा कृष्ण हा दहाव्या शतकातला त्यांचा मोठा राजा, त्याचं नाव या किल्ल्याशी जोडलं जातं. खंदकाचं पाणी, जगत्तुंग समुद्र म्हणतात तो तलाव, आणि एका अवाढव्य क्षेत्रपाल मूर्तीचे फुटलेले अवयव. त्या मूर्तीच्या पावलाशी उभं राहिलं की आपण केवढे आहोत ते कळतं. कंधारला एक अख्खा दिवस द्यायचा, असं मी भाचीला बजावून ठेवते.

जळकोट मागं पडतं. गुरुजी आता लातूरबद्दल बोलतायत. “आमच्याकडं सहलीला कुणी येत नाही, शिकवणीला येतेत. पोरगं हॉस्टेलात घालायचं, आणि रविवारी आईबाप भेटायला आले की विचारतेत, इथं बघायला काय हाय? लोक त्यांना मॉलचा पत्ता देतेत.” हे म्हणताना त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला आहे. मग ते एक एक नाव घेतात. गंजगोलाई, १९१७ सालची, सोळा रस्ते एका गोल बाजारपेठेला येऊन मिळतात. जांभ्यात कोरलेली खरोशाची लेणी. औशाचा भुईकोट. उदगीरजवळचा हत्तीबेट. किल्लारी. किल्लारीचं नाव घेऊन ते थांबतात. १९९३ च्या ३० सप्टेंबरची ती पहाट त्यांनी पाहिलीय, मदतीला गेले होते. गाडीत कुणी पुढचं विचारत नाही.

उदगीर. गावातून वाट काढत गाडी किल्ल्यापाशी येते. खंदक बघूनच भाची थबकते. खडक खोल तासून काढलाय. दरवाज्यापर्यंत येणाऱ्याला आधी हा ओलांडायचा. आतली वाट सरळ नाहीच, एका दरवाज्यातून शिरून लगेच वळावं लागतं, मग पुन्हा दुसरा. गुरुजी हत्तीचं सांगतात: धाव घ्यायला जागाच ठेवलेली नाही, म्हणून तो दार फोडू शकत नाही. भिंतीवर फारसी शिलालेख आहेत. बहमनी, बरीदशाही, मुघल, निजाम, सगळ्यांचे हात या दगडाला लागलेत. किल्ल्यातच उदागीर बाबांची समाधी आहे. काकू तिकडे नमस्कार करून येतात, त्यांच्यामागून बीजीही जातात. कुणाची समाधी, हे त्या नंतर विचारतात.

तटावर ऊन आलंय. गुरुजी आम्हाला एका जागी उभं करतात आणि उत्तरेकडे तोंड करायला सांगतात.

“१७६०, फेब्रुवारी महिना. सदाशिवरावभाऊनं इथं निजामाचा पराभव केला. इब्राहिमखान गारदीच्या तोफा भाऊच्या बाजूनं होत्या. दौलताबाद, असीरगड, बऱ्हाणपूर, साठ लाखांचा मुलूख तहात मिळाला.” ते हिंदीत सांगतायत, मध्येच मराठीत येतायत. “आणि तेव्हाच उत्तरेतनं बातमी आली. दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर पडले. मग परतूरला ठरलं: भाऊनं उत्तरेत जायचं. इथून निघाले ते पानिपतालाच पोहोचले. आधी त्यांनी कुंजपुरा घेतला...”

“कुंजपुरा?” कर्नालवाला एकदम म्हणतो. “कुंजपुरा तो हमारे घर के पास है जी. मेरा भतीजा वहीं सैनिक स्कूल में पढ़ता है.”

गुरुजी त्याच्याकडे बघत राहतात. आयुष्यभर वर्गात त्यांनी हे नाव फळ्यावर लिहिलेलं असणार. कुंजपुऱ्याला घर असलेला माणूस त्यांना आज प्रथम भेटतोय. ते विचारतात, गढी आहे का अजून, यमुना किती लांब, ऑक्टोबरात तिथं पाणी किती असतं. तो जमेल तशी उत्तरं देतो. मग तोच विचारतो, “यहाँ से वहाँ तक पैदल गए सब?” घोडे, बैल, तोफा, बायकामाणसं, यात्रेकरू, सगळे, गुरुजी सांगतात. निघाले मार्चात, पानिपतची लढाई पुढच्या १४ जानेवारीला. “जनवरी में हमारे यहाँ बहुत ठंड होती है,” तो हळू म्हणतो. भाऊच्या फौजेचे हाल त्यानं या एका वाक्यात ओळखले.

मग मला राहवत नाही. मी म्हणते, आपण सकाळी ज्या गावातून निघालो, तिथूनही एक माणूस असाच उत्तरेत गेला होता, बावन्न वर्षं आधी. गोदावरीकाठी मठ करून राहिलेला माधोदास बैरागी, गुरूंच्या भेटीनंतरचा बंदा सिंह बहादूर. १७०८ मध्ये तो नांदेडहून निघाला. सामाना, मग १७१० मध्ये सरहिंद. कर्नालवाला आता मान डोलावतोय, हे सगळं त्याच्या घरातलं. बंदा सिंहाला १७१६ मध्ये दिल्लीत कसं मारलं ते त्याला सांगावं लागत नाही. सांगावं लागतं ते एवढंच की या दोन्ही वाटा इथूनच सुरू होतात, आणि एकाच मुलखात जाऊन संपतात. तो लेकराला जवळ ओढतो आणि त्याला पंजाबीत काहीतरी दाखवत बोलू लागतो, हात उत्तरेकडे.

अर्धा तास केव्हाच उलटून गेलाय. ड्रायव्हर खाली हॉर्न वाजवत नाही. तो स्वतः वर आलाय, गमजा हातात घेऊन उभा आहे. “मी इतक्या येळा इथनं गेलो,” तो म्हणतो, “हे कुणी सांगितलंच न्हवतं.”

उदगीर सोडल्यावर थोड्याच वेळात पाट्या कन्नड होतात, बोलणं मात्र बराच वेळ मराठीच राहतं. गुरुजींचे आजोबा कोर्टकचेरीला बीदरलाच जायचे, कारण १९५६ पर्यंत उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. राज्यं नव्यानं आखली तेव्हा ते अलीकडे आले, लातूर जिल्हा तर १९८२ मध्ये झाला. काकूंची एक मावशी भालकीला दिलेली आहे. तिच्याकडे जाताना परराज्यात चाललोय असं त्यांना कधी वाटलं नाही.

ड्रायव्हरनं शब्द पाळलाय. लंगरची पंगत बसायला आणि आम्ही पोहोचायला गाठ पडते. नानक झीरा म्हणजे जांभ्या दगडाच्या कड्यातून येणारं गोड पाणी. गुरू नानक दक्षिणेत आले तेव्हा इथं प्यायला चांगलं पाणी नव्हतं आणि त्यांच्या पायाशी हा झरा मोकळा झाला, ही श्रद्धा. बीजी पाण्यापाशी बसतात त्या उठतच नाहीत. पंजप्याऱ्यांपैकी भाई साहिबसिंह या बीदरचेच, हे त्या स्वतः आम्हाला सांगतात, आणि मला फार बरं वाटतं, कारण आता सांगणारी बाजू बदललीय.

जेवणानंतर खरा पेच. परत निघायला अडीच तास आहेत आणि बीदर मोठं आहे. किल्ला, त्यातला शिंपल्यांचं जडावकाम केलेला रंगीन महाल, महमूद गवानाचा मदरसा, अष्टूरच्या बहमनी कबरी, झरणी नरसिंह. ड्रायव्हर म्हणतो, पळवली तर सगळं होईल, प्रत्येकी वीस मिनिटं. भाची ठाम आहे: पळवायची नाही. शेवटी गाडी वाटून घेतो. बीजी, सून आणि लेकरू झीऱ्यावरच राहणार, त्यांना दुसरं काही नकोय. काकूंना झरणी नरसिंह हवा. तिथं डोंगरातल्या बोगद्यात पाण्यातून चालत देवापर्यंत जायचं असतं आणि त्यांनी ते मनात धरूनच ही सहल घेतलीय. गुरुजी त्यांच्याबरोबर. कर्नालवाला आणि आम्ही दोघी मदरशाला. किल्ला सोडला. एका दिवशी दोन किल्ले बघितले तर उदगीरचा पुसट होईल, आणि उदगीरला आज जे घडलं ते मला पुसट होऊ द्यायचं नाही.

मदरसा बघताना माणूस आधी गप्पच होतो. १४७२ ची ही इमारत. पुढची एक बाजू स्फोटात कोसळून गेलेली, उरलेल्या मिनारावर निळ्या-हिरव्या टाइल्सचे पट्टे अजून चमकतायत. इराणातून आलेला व्यापारी बहमनींचा वजीर होतो, पुस्तकं जमवतो, विद्यार्थ्यांसाठी हे उभारतो, आणि १४८१ मध्ये खोट्या पत्रावर विश्वास ठेवून सुलतान त्याचं डोकं उडवतो. त्यानंतर राज्य फार टिकलं नाही. कर्नालवाला खोल्या मोजत हिंडतोय. “इतने बच्चे रहते थे यहाँ?” सैनिक स्कूलचा भतीजा त्याच्या डोक्यात असावा.

तिथून जवळच्या गल्लीत बिदरीचं काम चालतं. एक कारागीर उंबऱ्याशी बसून सुरईवर नक्षी कोरतोय. जस्त आणि थोडं तांबं यांचा ओतीव घाट, त्यावर छिन्नीनं खाच, खाचेत चांदीची तार ठोकून बसवायची. तोवर सगळं राखाडीच दिसतं. शेवटी किल्ल्यातली माती आणि नवसागर उकळून त्यात बुडवलं की धातू काळाकुट्ट होतो आणि चांदी तशीच पांढरी राहते. मातीच का, तीही किल्ल्यातलीच का, असं भाची विचारते. पिढ्यान्पिढ्या पावसाऊन्हाआड राहिलेली माती लागते, म्हणतो, आणि चिमूटभर जिभेवर ठेवून चव बघतो. चवीवरून कळतं म्हणे.

भाची कानातलं काढून त्याच्या हातावर ठेवते. तोलेदोहून घेतलेलं. काळ्या पोलादावर सोन्याची बारीक तार. तो ते उजेडात धरतो, नखानं कड तपासतो, भिंग लावतो. “ये भी ठोका हुआ है,” म्हणतो. “कहाँ का है?” स्पेनचं, ती सांगते. तिथंही असंच एक जुनं गाव आहे, राजधानीपासून एका दिवसात जाऊन येण्यासारखं, आणि तिथंही असेच कारागीर दारात बसतात. तो कानातलं आतल्या पोरांना दाखवायला घेऊन जातो. बराच वेळ परत देत नाही. आम्हालाही घाई नाही.

परतीला उदगीरच्या एसटी स्टँडवर दिवे लागलेत. गुरुजी आणि काकू उतरतात. काकूंच्या साडीचा काठ अजून ओला आहे. त्या फार खूश आहेत. लातूरची गाडी लागायला वेळ असतो म्हणून सगळेच उतरून चहा घेतो. गुरुजी वहीचं पान फाडून भाचीला रविवारचा बेत लिहून देतात: सकाळी खरोसा, ऊन चढायच्या आत लेणी, मग औसा, दुपारी आमच्याकडं जेवण, संध्याकाळी गंजगोलाई. चौथं नाव घालू नको, असं लिहून अधोरेखित करतात.

कर्नालवाल्याचा नांदेडात अजून एक दिवस आहे. ड्रायव्हर म्हणतो, उद्या माहूर घ्या, रेणुकामाता, दत्तशिखर, येताना सहस्रकुंड. लांबचं भाडं आहे, त्याचाही फायदा. गुरुजी चहाचा ग्लास खाली ठेवतात आणि विचारतात, “आप लोग नरसी गए हैं? नामदेव महाराज का गाँव?”

बीजी झटकन वळतात. “भगत नामदेव जी दा?” ग्रंथसाहिबात नामदेवांची एकसष्ट पदं आहेत, त्यातली त्या रोज म्हणतात. पंजाबातलं घुमान त्यांनी पाहिलंय. तिथं २०१५ मध्ये मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा गावानं मराठी पाहुण्यांसाठी घरं उघडली होती, हे मुलगा आठवण काढून सांगतो. पण नामदेव ज्या गावातून आले ते गाव नांदेडहून एका दिवसात बघून येण्याजोगं आहे, हे त्यांना या तीन दिवसांत कुणीच सांगितलेलं नाही. कुठल्याच काचेवर ते नाव नव्हतं.

“औंढा नागनाथ त्याच अंगाला हाय,” ड्रायव्हर लगेच म्हणतो. “ज्योतिर्लिंग. दोन्ही करूत, वरून अजून—”

“नहीं,” बीजी म्हणतात. “एक ही जगह. मैंने वहाँ बैठना है.”

ड्रायव्हर गमजा सोडून पुन्हा बांधतो. माहूरचं भाडं गेलं. तो हिशेब करतो, नरसीचा आकडा सांगतो, कर्नालवाला थोडा कमी करतो, आणि ठरतं. “मग सातला निघूत. शेअरिंग भरत नाही उद्या, तुम्हीच चौघं.”

लातूरची बस फलाटाला लागते. गुरुजी काकूंना चढवतात, पिशवी आत ढकलतात आणि दाराच्या दांड्याला धरून मागं वळून ओरडतात, “देवळातनं परत फिरू नका! मागं कयाधू आहे, नदीपर्यंत जा!”